हातभर जाडीच्या भिंती

बोईसर
१२ ऑगस्ट १९९२

गोजराक्का,

पायावर डोकं ठेवते. तुझं पत्र येऊन महिना होत आला. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. आमची मागची खोली मला वेळ देत नाही.

तू विचारलंस, अणुवीज केंद्राच्या एवढ्या जवळ राहायला भ्या वाटत नाही का. आधी वाटायचं. आता भीतीपेक्षा कामच जास्त झालंय. रशियातलं ते केंद्र फुटल्याचं पेपरात आलं, तेव्हापासून यांच्या डोक्यात खोली शिरली. हे तिथं फिटर आहेत, रोज आत जातात. म्हणतात, "आमच्याकडं काही होणार नाही. पण घर तयार असलेलं बरं. भोपाळला माणसं घराबाहेर पळाली आणि वाटेतच पडली. आपल्या माणसांनी पळायचं नाही, आत बसायचं."

म्हणून मागच्या कोठीची खिडकी विटांनी बुजवली. दाराच्या फटींना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ठोकल्या. आत पाण्याचे दोन ड्रम, पोह्यांचे डबे, गूळ, शेंगदाणे, चुरमुरे, झाकणाची बादली, ट्रान्झिस्टर. आत चूल पेटवायची नाही, म्हणून सगळं कोरडं. आणि पंधरा दिवस पुरेल एवढं.

ऐकायला सोपं वाटतं. पण इथल्या हवेत मीठसुद्धा पाझरतं, अक्का. चुरमुरे सादळतात, शेंगदाण्यांना वास लागतो, ट्रान्झिस्टरचे सेल फुगतात. पोहे दर आठवड्याला चाळायचे. आमच्या नळाला पाणी एक दिवसाआड, आणि माझ्या घरात दोन ड्रम भरून नुसते उभे. दर रविवारी ते उपसायचे, घासायचे, परत भरायचे. सहा वर्षं करतेय.

मागं झोपडीत तानी राहते. मासवणकडची आहे, बांधकामावर जाते. परवा ड्रम उचलायला तिला हाक मारली. तिनं खोली निरखून बघितली आणि विचारलं, "बाय, यात किती माणसा मावतील?"

मी म्हटलं, "आम्ही तिघंच."

"मंग आमी काय करायाचा?"

मी यांच्याकडून शिकलेलं सांगितलं. दार लावून आत बसायचं, नाकातोंडाला ओलं फडकं बांधायचं.

"आमच्या दाराला फडकाच हाय," ती म्हणाली. "दार नाय."

ड्रम तिनंच भरला. त्या दिवसापासून खोलीत गेले की मी दार लोटून घेते. तिला दिसू नये म्हणून.

शालू सहावीत आहे. दाजींना नमस्कार.

तुझी
सोजरा


वाघदरवाडी, ता. औसा
२० नोव्हेंबर १९९२

सोजरा, माझे बाई,

पत्र वाचून झोप लागली नाही. ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "जिथं राहायला तोंडाला फडकं बांधावं लागतं, तिथं राहावंच कशाला?" तुझे दाजी कमी बोलतात, पण बोलतात ते खरं असतं.

मी सरळच लिहिते. नागोरावांची नोकरी सुटत नाही हे मला कळतं. पण शालूला का तिथं ठेवता? इकडं पाठव. आपलं घर तुला माहीत आहे. दगडाच्या भिंती, हातभर जाड. वर माळवद, त्यावर मातीचा थर, उन्हाळ्यात आत गार. मधल्या खोलीत तर दुपारीसुद्धा दिवा लागतो. तिथं ना वारा शिरत, ना धूळ. नागोरावांनी इतकी वर्षं खपून जी खोली केली, ती इथं माझ्या सासऱ्यांनी आधीच बांधून ठेवली आहे. तुमच्या नावानं एक कणगी ज्वारी वेगळी भरली आहे. काही झालं तर तुम्ही सगळे इथंच या.

इकडं विशेष काही नाही. मागच्या महिन्यात जमीन गुरगुरली. फडताळातली भांडी वाजली, कुत्री भुंकली. गावातली माणसं काही रात्री अंगणात निजली. मग थंडी पडली तशी आत गेली. साहेब लोक जीपमधून येऊन बघून गेले. ह्यांच्या मते विहिरीतलं पाणी खोल गेलं की जमीन अशी कण्हते.

शालूचा विचार कर. घरात पोर नसलं की घर फार मोठं वाटतं.

तुझी
गोजरा


बोईसर
९ फेब्रुवारी १९९३

अक्का,

शालूला पाठवणार नाही. माझं लेकरू मी सांभाळीन.

तू मायेनं लिहितेस हे कळतं. पण तुझ्या पत्रात शेवटी घर मोठं वाटतं असं आलं, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझ्या घरात पोर नाही, याचं दुःख मलाही आहे. पण त्यासाठी माझी इथली भीती मोठी करून मला दाखवू नकोस. ती मला पुरेशी दिसते.

यांनी आता नवीन काढलंय. बाहेरून आलेल्यानं मागच्या मोरीत अंगावरचे कपडे उतरवायचे, आंघोळ करायची, आणि मगच खोलीत शिरायचं. महिन्यातून एकदा तालीम. शालू यांच्याबरोबर मन लावून करते, अभ्यासासारखं. मला मात्र आता कंटाळा येतो. भीतीचासुद्धा कंटाळा येतो हे मला माहीत नव्हतं.

भांडी वाजत असतील तर फडताळ भिंतीला नीट टेकव.

सोजरा


बोईसर
२२ एप्रिल १९९३

गोजराक्का,

मागचं पत्र रागात लिहिलं. तू उत्तर दिलं नाहीस, बरोबर केलंस. आता जे लिहिते ते शांतपणे वाच.

मागच्या आठवड्यात दुपारी भोंगा वाजला. केंद्राचा नव्हता. औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकलच्या कारखान्यात पिंपं पेटली होती. पिवळा धूर, डोळ्यांना झोंबणारा. मी पालघरला दवाखान्यात गेले होते, हे कामावर. शालू शाळेतून येऊन घरी एकटीच.

तिनं सगळं शिकवल्याप्रमाणं केलं. खिडक्या लावल्या, मोरीत आंघोळ केली, कपडे बदलले, मागच्या खोलीत शिरली आणि आतून कडी घातली. तासाभरात आग विझली, धूर समुद्राकडं गेला. रस्त्यावर माणसं भजी खात उभी होती. आणि माझी पोर त्या बिनखिडकीच्या खोलीत, एप्रिलच्या उन्हात.

हे संध्याकाळी आले. दार वाजवलं. "शालू, दार उघड. मी आहे."

आतून उत्तर आलं, "रेडिओवर अजून सांगितलं नाही."

"अगं, मी सांगतोय ना. काही झालेलं नाही."

"तुम्हीच म्हणालात, कुणाचंही ऐकायचं नाही. रेडिओनं सांगितल्याशिवाय उघडायचं नाही."

ट्रान्झिस्टरवर गाणी लागली होती, अक्का. बाहेर ऐकू येत होती. आगीची बातमी कुठल्या रेडिओवर येणार? मी पोचले तेव्हा हे बिजागऱ्या खोलत होते आणि तानी दाराला तोंड लावून पोरीशी काहीबाही बोलत होती. दार निघालं तेव्हा शालू ड्रमला टेकून बसली होती. ओठ पांढरे, अंग तापलेलं. ड्रम भरलेले होते, पण तिनं पाणी प्यायलं नव्हतं. पंधरा दिवस पुरवायचं म्हणून जपून ठेवलं होतं.

हे रात्री जेवले नाहीत. मी पोरीच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत बसले.

शालूला तुझ्याकडं पाठवते. शाळा सुरू व्हायच्या आधी हे आणून सोडतील. तिला झाडावर चढू दे, उन्हात फिरू दे, आजारी पडू दे. कुठल्याच गोष्टीची तालीम नको.

सोजरा


वाघदरवाडी
१८ जुलै १९९३

सोजरा,

पोर रुळली. सातवीत नाव घातलं. सुरुवातीला भाकरीचा तुकडा मोडून अर्धा बाजूला ठेवायची. मी विचारलं तर म्हणाली, "उद्याला." आता ठेवत नाही. उलट परवा तिसरी भाकरी मागितली, तेव्हा ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू त्यांनीच ती कमावली.

मधल्या खोलीत तिची बाज टाकली आहे, सगळ्यात जाड भिंतीला लागून. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "काका, इथं काही झालं तर कुठं बसायचं?"

हे म्हणाले, "इथं काय व्हायचंय? इथं तर पाऊससुद्धा होत नाही."

ती इतकी हसली की मला तूच लहानपणीची आठवलीस.

जमीन अजून मधेच गुरगुरते. शालू पहिल्यांदा दचकली, मग सवय झाली. आपल्या सगळ्यांनाच सवय झाली.

फेब्रुवारीतल्या पत्राचं मनात ठेवू नकोस. तू खोटं लिहिलं नव्हतंस. घर मोठं वाटायचं. आता वाटत नाही.

गोजरा


बोईसर
२७ सप्टेंबर १९९३

अक्का,

घाईत कार्ड टाकते. दिवाळीला आम्ही दोघं येतो. यांची रजा मंजूर झाली. शालूच्या उंचीचं माप दोऱ्यानं घेऊन पाठव, ड्रेस शिवायचाय. तुमच्याकडं गणपती कधी बोळवणार? दाजींना म्हणावं, पोरीला मिरवणुकीत फार उशिरापर्यंत ठेवू नका.

दोन रविवार झाले, मी ड्रमातलं पाणी बदललं नाही. हे बघतात आणि पुढं जातात.

सोजरा


बोईसर
५ डिसेंबर १९९३

गोजराक्का,

आम्ही पोचून दहा-बारा दिवस झाले. लिहायला बसते आणि उठते.

तुझा हात कसा आहे? प्लॅस्टर काढलं का? पत्र्याच्या शेडमध्ये थंडी वाजत असेल. तुला किती वेळा म्हटलं, आमच्याबरोबर चल. तू मान हलवलीस आणि दगडांच्या ढिगाकडं तोंड करून बसलीस. दाजींना जिथं शेवटचं बघितलं तिथून उठवत नसेल, हे कळतं मला. तरी तुला तिथं टाकून आलो ते मनातून जात नाही.

भूकंपाची बातमी लागली तेव्हा हे कामावर निघाले होते. ट्रान्झिस्टर लावला. मोठ्या गावांची नावं येत राहिली, आपल्या वाडीचं नाव आलंच नाही. निघालो ते दुसऱ्या दिवशी रात्री पोचलो. पुढचं तू बघितलंसच. जिथं तुझं घर होतं तिथं मी उभी होते आणि मला ते ओळखू येत नव्हतं.

शालूला तुळईखालून काढलं तेव्हा तुळईचं टोक कणगीवर अडकलं होतं म्हणतात. तिच्या तोंडावर गोधडीचं पांघरूण घट्ट गुंडाळलेलं होतं. माळवदाची माती नाकातोंडात जाऊनच गावातली बरीच माणसं गेली असं डॉक्टर म्हणाले. यांनी दवाखान्यात तिला विचारलं, "बाळा, तोंड झाकायचं आठवलं तुला?" मला वाटतं, यांना काहीतरी हवं होतं त्या उत्तरातून. ती म्हणाली, "आठवलं नाही. धूळ येत होती म्हणून झाकलं." हे उठून बाहेर गेले.

इथं आल्यावर यांनी मागची खोली रिकामी केली. पोहे, गूळ, ड्रम, ट्रान्झिस्टर, सगळं लातूरकडं जाणाऱ्या मदतीच्या ट्रकवर चढवलं. तानीनं घरातली एक चादर आणून दिली. "आमच्याकडं दोन व्हत्या," म्हणाली. मग यांनी खिडकीच्या विटा काढल्या. शालू आता तिथं अभ्यासाला बसते. बसते एवढंच. बोलत नाही.

अक्का, निघताना तू शालूकडं बघितलं नाहीस. तिनं तुझ्या पायाला हात लावला तरी बघितलं नाहीस. दाजी दारातून पुन्हा आत वळले ते तिच्यासाठी, असं तिथली माणसं सांगत होती. तुला तिच्याकडं बघवत नसेल तर मी तुला दोष देणार नाही. पण एवढंच लिही की मला समजलं ते बरोबर आहे का.

सोजरा


बोईसर
१८ फेब्रुवारी १९९४

अक्का,

तुझं उत्तर नाही. यांच्या ओळखीतले एक जण तिकडं गेले होते, त्यांनी सांगितलं तू बरी आहेस, रेशनच्या रांगेत दिसलीस. त्यावर भागवते.

शालू बोलली. परवा मी धान्य निवडत होते, ती शेजारी येऊन बसली आणि सांगायला लागली. मधे थांबली नाही. तू विचारलेलं नाहीस, आणि कदाचित तुला ऐकायचंही नसेल. पण हे माझ्याजवळ ठेवायचा मला हक्क नाही. ते तुझं आहे.

दाजी लगेच गेले नाहीत, अक्का. ते तिच्यापासून हातभर अंतरावर होते. अंधारात त्यांनी तिला हाक मारली. तिनं ओ दिली. ते म्हणाले, "हलू नको. उजाडलं की माणसं काढतील." मग तिच्या शाळेचं विचारत राहिले. गुरुजी कोण, गणिताला कोण, शेजारी कोण बसतं. ती झोपेला आली की पुन्हा काहीतरी विचारायचे. म्हणाले, बैलाच्या पेंडीवर घोंगडं टाकायचं राहिलं, दव पडलं असेल.

मग त्यांनी विचारलं, "पोरी, तुझ्या मावशीला मी बाहेर ढकललं का गं? मला आठवंना."

शालूला काही माहीत नव्हतं. ती झोपेतच होती, तिनं काहीच बघितलं नव्हतं. तरी ती म्हणाली, "हो काका. मावशी बाहेर आहे. मला तिचा आवाज येतोय."

दाजी म्हणाले, "मग झालं."

त्यानंतर ते बोलले नाहीत. तिनं हाका मारल्या.

आता ती मला विचारते, "आई, मी काकांशी खोटं बोलले. चालतं का असं?" मी तिला जवळ घेतलं. तुझ्याजवळ उत्तर असेल तर लिही. नसेल तरी लिही.

सोजरा


वाघदरवाडी
२ मे १९९४

सोजरा,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली होती. दुसरं मी शेजारच्या नर्मदाकडून वाचून घेतलं, कारण मला पहिल्या पानापुढं वाचवेना. मग तिलाही वाचवेना. दोघींनी मिळून संपवलं.

तुला समजलं ते बरोबर नाही. शालूकडं बघितलं नाही, कारण तिला मीच आग्रहानं बोलावलं होतं. हातभर जाडीच्या भिंती म्हणून लिहून लिहून बोलावलं. वाटलं, तू आणि नागोराव मनात हेच म्हणत असाल. तुमच्या तोंडून ऐकण्याआधी तुम्ही निघून जावं, एवढंच तेव्हा वाटत होतं. तू मला बोल लावशील म्हणून मी गप्प, आणि मी पोरीला बोल लावते म्हणून तू झुरतेस. इतक्या महिन्यांत कुणी कुणाला बोल लावलाच नाही.

शालूला सांग, ती खोटं बोलली नाही. त्यांनीच मला ढकललं. दंडाला धरून उंबऱ्याबाहेर असं फेकलं की तोच दंड दगडावर आपटून मोडला. मी बाहेर होते, आणि ओरडत होते. तिला माझा आवाज आला नसेल, पण आवाज होता. हाड जुळलं, तरी तिथं अजून ठणकतं. डॉक्टर म्हणतात व्यायाम कर, जाईल. मी करत नाही.

हे एवढं सांगायला मला अडीच महिने लागले. रागावू नकोस. इथं सगळंच सावकाश होतं. नवी गावं बसवायची चालली आहेत. साहेब येतात, दोन खोल्या पाहिजेत की एक विचारतात, घरात किती माणसं विचारतात. मी एकटी म्हटल्यावर पुढच्याकडं वळतात. बैल विकला. पत्र्याखाली ऊन असं तापतं की दुपारी सगळी बाभळीखाली जाऊन बसतो. कुणी कुणाशी बोलत नाही. सगळ्यांचं सगळ्यांना माहीत आहे.

मी येते. कायमची का, ते विचारू नकोस. पुढच्या आठवड्यात मुंबईच्या एस.टी.त बसते, तिथून गाडी बदलून मनोरला उतरेन. नागोरावांना फाट्यावर उभं राहायला सांग, मला पुढचं कळायचं नाही. सामान काही नाही, एक पिशवी.

नर्मदा म्हणाली, "अगं, अणूच्या कारखान्याजवळ जातीस, भ्या नाही वाटत?" मी म्हटलं, तिथं माझी बहीण आहे.

एकच सांगते, आधीच कळवलेलं बरं. मला छताखाली झोप येत नाही. कितीही चांगलं घर असलं तरी डोळा लागत नाही, वर बघत राहते. मला आत निजायचा आग्रह करू नका. अंगणात एक बाज टाका. पावसाचं काय करायचं ते पाऊस आल्यावर बघू.

तुझी
गोजराक्का